थांबा क्रमांक सतरा

सिटी बस आपल्या कॉलनीतून गेली पाहिजे, एवढंच मी म्हणालो होतो. तेही संध्याकाळी, फाटकाजवळ उभं राहून, समोरच्या विरूपाक्ष अप्पांशी बोलताना. लातुरात फाटकाजवळ बोललेलं वाक्य परत घरात घेता येत नाही, हे पस्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवूनही माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं मापं ओतता ओतता विचारलं, "सर, बस कधीपासून हाय मग?"

बस का हवी होती ते आधी सांगतो. त्यात माझी थोडी बदनामी आहे, पण सगळ्या कॉलनीला ती तोंडपाठ असल्यानं तुम्हीच का मागे राहावं? सौदामिनी, म्हणजे माझी बायको, आणि मी स्कूटरवरून तिच्या थोरल्या बहिणीकडे निघालो होतो. मालविकाताई गंजगोलाईच्या पलीकडे एकट्या राहतात, मुलं पुण्याला. न्हाणीघरात घसरून त्यांचा पाय मोडला होता, आणि एक दिवसाआड जाऊन त्यांची वेणीफणी करायची, दोन घास गरम वाढायचे, असा सौदामिनीनं त्यांना शब्द दिला होता. वाटेत सिग्नलला थांबलो. पदर चाकात जातोय असं वाटून ती खाली उतरली. मी त्या वेळी तिला लातूरची वाहतूक कशी सुधारता येईल ते समजावून सांगत होतो. सिग्नल सुटला, मी निघालो. उड्डाणपूल, एकेरी मार्ग, हातगाड्यांचं पुनर्वसन, असे एकेक मुद्दे घेत गंजगोलाईपर्यंत गेलो. मागून एकदाही हुंकार आला नाही याचं मला काही वाटलं नाही, कारण तो एरवीही येत नाही. ताईंच्या दारात पोचून "उतर" म्हणालो, तेव्हा मागं कोणी नव्हतं.

त्या दिवसापासून सौदामिनीनं स्कूटरवर बसणं सोडलं, माझ्याच नव्हे, कोणाच्याही. आमची कॉलनी रिंगरोडच्याही बाहेर. इकडून परतीचं भाडं मिळत नाही म्हणून रिक्षावाले कॉलनीचं नाव ऐकताच दुसरीकडे बघायला लागतात. एक दिवसाआडचं जाणं आठवड्यावर आलं, मग पंधरवड्यावर. दोघी बहिणी फोनवर बोलत, आणि फोन ठेवला की सौदामिनी घासलेली भांडी उगीच पुन्हा घासायला घ्यायची. ते मला बघवेना. म्हणून बस.

शहराच्या वाढीबद्दल माझी काही मतं आहेत. ती कोणी विचारत नाही, म्हणून मी आपणहून सांगतो. बाकीची शहरं नदीच्या काठानं वाढली, लातूर क्लासच्या काठानं वाढलं. एखाद्या सरांनी माळावर रसायनशास्त्राचा क्लास काढला, की सहा महिन्यांत तिथं वसतिगृह, मेस, झेरॉक्स आणि पंक्चरचं दुकान येतं. वर्षभरात लोक विसरतात की इथं रस्ता नव्हता, आणि रस्ता तेव्हाही नसतो. वीस वर्षांपूर्वी मी इथं प्लॉट घेतला तेव्हा मेहुणे म्हणाले होते, लातुरात मिळाला नाही म्हणून शेजारच्या औशात घेतलात का? आता आमच्या पुढं आणखी तीन कॉलन्या झाल्या आहेत आणि त्यांना आम्ही गावाबाहेरचे म्हणतो. तिकडे गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, आणि सोळाही रस्त्यांवरच्या माणसांची समजूत असते की आपणच तेवढे सरळ चाललो आहोत. अशा शहराला बसशिवाय गत्यंतर नाही, हे माझं मत मी नकाशासह चार पानांत लिहिलं आणि शहर वाहतूक कक्षात घेऊन गेलो.

तिथले साहेब माझे विद्यार्थी निघाले. आलोक. शिक्षकाला याचा आनंद व्हायला हवा, पण मला आठवलं की भूगोलात मी याला काठावर पास केलं होतं. त्यालाही आठवत होतं. त्यानं उठून पाया पडून माझी पानं बाजूला ठेवली आणि तीन गोष्टी मागितल्या: शंभर सह्या, रस्त्याची रुंदी, आणि थांबा कुठं असावा याबद्दल कॉलनीचा ठराव.

रुंदी मोजताना अर्ध्या कॉलनीचे ओटे रस्त्यात आल्याचं निघालं. त्यात माझा तुळशीचा कट्टाही होता, म्हणून मी टेप गुंडाळून ठेवला आणि अंदाजे आकडा लिहिला. सह्या मात्र भराभर मिळाल्या. बसला विरोध कोण करणार? विरूपाक्ष अप्पांनी तीन केल्या. स्वतःची, बायकोची आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराची. पोरगा दिवाळीला येतो की, म्हणाले. अप्पांनी आयुष्यभर मार्केट यार्डात आडत केली, आता सल्ला देतात. त्यांच्या पोर्चमध्ये एक मोटार आहे, पण ती बाहेर काढली तर जागा जाईल म्हणून ते तिला हलवत नाहीत. पलीकडच्या उज्वलाताईंनी बस एसी असेल का, एवढं विचारून सही केली. त्यांच्या दारात दोन स्कूट्या उभ्या होत्या. "तुम्ही बसणार का बसमध्ये?" हे मी कोणालाच विचारलं नाही. सह्या गोळा करताना दुसरा प्रश्न विचारायचा नसतो.

अडलं ते ठरावात. रविवारी मारुतीच्या मंदिरासमोर सभा भरली. बस आपल्या दारावरून जावी यावर सगळ्यांचं एकमत होतं. थांबा आपल्या दारात नसावा यावरही सगळ्यांचं एकमत होतं. अप्पांनी हे तत्त्व फार नेटकं मांडलं. "बस जाऊ द्या दारातून," ते म्हणाले, "थांबा नगं. थांबा म्हणलं की लोक आले, लोक म्हणलं की थुंकणं आलं." दोन तास प्रत्येक फाटकाचा विचार होऊन प्रत्येक फाटक बाद झालं. शेवटी कॉलनीच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, जिथं कोणीच राहत नसल्यानं कोणाची हरकत येण्याचा प्रश्न नव्हता, तिथं थांबा करावा असा ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. शेवटच्या घरापासून ती जागा तीनशे पावलं आहे. पुढं महिनाभरात तिथं लोखंडी खांब आला, त्यावर निळी पाटी आली: थांबा क्रमांक १७. सोळा रस्ते गोलाईचे आणि सतरावा आमचा, असं मी सौदामिनीला म्हणालो. तिनं बस किती वाजता आहे ते विचारलं.

साडेनऊ. पण ती सध्या आठवडाभराच्या बोलीवर होती. आलोकनं मला बोलावून नीट समजावलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार असे तीन दिवस त्यांच्या कक्षातल्या पुनमबाई थांब्यावर बसतील आणि सकाळच्या फेरीला चढणारे प्रवासी मोजतील. तीनपैकी एका तरी दिवशी पंधरा माणसं चढली तर बस कायम. नाहीतर ती बस मागणाऱ्या आणखी चार कॉलन्या रांगेत आहेत. मी म्हटलं, पंधरा काय, पन्नास देतो. तो म्हणाला, "सर, थांब्यावरचीच धरणार बरं का. तुम्हीच शिकवलंय, पर्जन्यमापक एका जागी ठेवायचा. पाऊस दुसरीकडं पडला तर त्यात येत नाही." काठावर पास झालेल्या मुलाला नेमकं एवढंच लक्षात राहावं, हे माझं नशीब.

सोमवारी आम्ही दोघं साडेनऊला पाच मिनिटं असताना निघालो. सौदामिनीच्या पिशवीत ताईंसाठी मेथीची भाजी आणि तीळ घातलेल्या भाकरी होत्या. मी नियमाचा माणूस, त्यामुळे टाकीपर्यंत चालत जायचं ठरलं होतं. निम्म्यात पोचलो तोच मागून बस आली.

इथं बसच्या ड्रायव्हरबद्दल सांगायला हवं. माणिकप्पा हा निलंग्याकडचा माणूस. लातूर-निलंगा रस्त्यावर अठरा वर्षं काळीपिवळी जीप चालवून तो सिटी बसवर आला होता. जीपच्या धंद्यात हात दिसला की थांबायचं, एवढा एकच नियम असतो. आमच्या कॉलनीतला पहिला हात उज्वलाताईंच्या सासूबाईंचा होता, स्वतःच्या फाटकातून. मग पुढच्या फाटकातून दोन वसतिगृहातल्या मुली. मग घराघरांतून धुणीभांडी आटपून गावात मेसवर पोळ्या लाटायला निघालेल्या बायका, ज्या ज्या घरात होत्या त्या त्या घरासमोर. माणिकप्पा प्रत्येकीसाठी थांबला. एका आजीबाईंचा चष्मा घरात राहिला होता, तो आणेपर्यंतही थांबला. आमच्याजवळ येऊन त्यानं दार उघडलं आणि म्हणाला, "बसा सर, उन्हात कामून चालायलाव?"

मी बसलो. लपवून काय उपयोग? नव्या बसच्या ड्रायव्हरनं चारचौघांत 'सर' म्हणून दार उघडलं की नियम आठवत नाहीत. बसमध्ये सगळ्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी मानेनं नमस्कार स्वीकारले. टाकीपाशी थांब्याखाली पुनमबाई छत्री उघडून प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. माणिकप्पानं वेग कमी करून त्यांनाही विचारलं, येता का बाई. त्या नको म्हणाल्या आणि त्यांनी वहीत शून्य लिहिलं. मी खिडकीतून ओरडून सांगितलं की आत तेवीस माणसं आहेत. त्या म्हणाल्या, "मला थांब्यावरची सांगितलीत, सर."

संध्याकाळी मी माणिकप्पाला गाठलं. फाटकांसमोर थांबू नकोस, सगळ्यांना टाकीवर येऊ दे, नाहीतर बस जाईल, असं परोपरीनं सांगितलं. तो बिचारा बेजार झाला. "तुमचं बराबर हाय सर," तो म्हणाला, "पण बाईमाणूस हात करून राहिली अन् मी तिला टाकून गेलो, तर दुसऱ्या दिवशी त्याच गल्लीतून गाडी कशी न्यावं?" त्यातून मीच मधूनच चढलेला, माझा आवाज तसाही खाली होता.

मंगळवारी अप्पांनी सल्ला दिला. माणिकप्पा ऐकत नसेल तर त्याचा सत्कार करा. टाकीवर. सत्कार म्हटलं की माणूस थांबतोच, आणि लोकही जमतात. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, पण आमच्याकडे दवाखान्यातून घरी आलेल्याचाही सत्कार होतो. शाल, श्रीफळ, फेटा, हे सामान कोणत्या ना कोणत्या घरात तयारच असतं. मला कल्पना एकदम पटली, कारण सत्कार म्हटला की प्रास्ताविक आलं, आणि प्रास्ताविक कोण करणार हा प्रश्न आमच्या कॉलनीत पडत नाही.

सौदामिनी एवढंच म्हणाली की उद्या ताईंचं प्लास्टर काढायचंय, अकराच्या आत तिला तिथं पोचायचंय. ताई घाबरल्या आहेत, पाय बरोबर जुळला असेल की नाही म्हणून. मी म्हटलं, अगं साडेनऊची बस, दहाला तू गोलाईत. तसा मी तिला शब्दच दिला.

बुधवारी टाकीवर पन्नासाच्या वर माणसं जमली. उज्वलाताईंनी रजा टाकली होती. रांगोळी निघाली. सौदामिनी ठेवणीतली साडी नेसून, खांद्याला ताईंची पिशवी लावून आली, आणि कॉलनीतल्या सर्वांत ज्येष्ठ सुवासिनींपैकी एक म्हणून ओवाळणीचं ताट तिच्याच हातात दिलं गेलं. बरोबर साडेनऊला बस आली. माणिकप्पा खाली उतरला, त्याला कोणीतरी फेटा बांधला. मग मी उभा राहिलो.

मी पाचच मिनिटं बोलणार होतो, हे शपथेवर सांगतो. पण वाहतुकीवर बोलायचं तर सुरुवात बैलगाडीपासून करावी लागते. बैलगाडीवरून मी नॅरोगेज रेल्वेवर आलो, तिथून टांग्यावर. टांगेवाल्यांची एक आठवण सांगितली तिला हशा मिळाला. हशा मिळाल्यावर माणूस थांबतो का? टाळ्या पडत होत्या, मधल्या काळात अप्पा मान डोलावत होते, आणि मागं ताट धरून उभी असलेली सौदामिनी दोनदा खाकरली ती धुळीमुळे असं मला वाटलं. मी बसलो तेव्हा अप्पा आभाराला उठले. त्यांचं आभारप्रदर्शन रंगात आलं असताना माणिकप्पाचा मोबाईल वाजला. कक्षातून विचारत होते, बस कुठं आहे. माणिकप्पाचा चेहरा उतरला. त्यानं शाल काखेत मारली, नारळ हातात घेतला, आणि फेट्यासकट उडी मारून गाडी चालू केली. आम्ही सगळे टाळ्या वाजवत बाजूला झालो. बस वळणावर दिसेनाशी झाली तरी टाळ्या चालू होत्या.

टाळ्या थांबल्यावर कळलं की बसमध्ये कोणी चढलंच नाही. पन्नासपैकी चाळीस जण आपापल्या गाड्यांवर आले होते आणि त्या गाड्या टाकीला टेकून ओळीनं उभ्या होत्या. मेसवाल्या बायकांना उशीर झाला म्हणून त्या कधीच पायी निघून गेल्या होत्या. आणि सौदामिनी खोबऱ्याचा प्रसाद वाटत होती. पुनमबाईंनी लिहिलं: प्रवासी शून्य, विलंब पंचवीस मिनिटं.

सौदामिनीनं ताट खाली ठेवलं. माझ्याकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "तुमचं भाषण झालं. माझी बस गेली."

अप्पांनी मोटार काढतो म्हटलं, पण न हलवल्यामुळे तिची बॅटरी उतरली होती. अप्पांनी सहा जणांना ढकलायला लावलं, ती फाटकाबाहेर आली आणि तिथं आडवी होऊन बसली. रिक्षावाल्याला फोन केला, तो म्हणाला बघतो. मी स्कूटरकडे पाहिलं. सौदामिनीनं मी स्कूटरकडे पाहिलेलं पाहिलं आणि ती घरात गेली. साडेअकराला ताईंचा फोन आला. शेजारच्यांनी नेऊन प्लास्टर काढून आणलं होतं. "नाही गं, जमलं नाही," सौदामिनी म्हणत होती. "काही नाही, नाहीच जमलं." माझ्या भाषणाचं नावही तिनं घेतलं नाही. घेतलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या दुपारी मला माझी फार लाज वाटली.

गुरुवारी सकाळी मी ओट्यावर बसलो होतो. धुरपताबाई आमच्याकडे भांड्याला येतात. माझा उतरलेला चेहरा बघून त्यांनी, तब्येत बरी न्हाई का, म्हणून विचारलं. बारा वर्षं त्या आमच्या घरी येतात, पण त्यांना मी आजवर काही विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं. त्या दिवशी बोलायचं त्राण नव्हतं म्हणून विचारलं. तुम्ही कशा जाता गावात? त्यांनी सांगितलं. त्या धरून सतरा बायका या कॉलनीत सकाळी कामाला येतात आणि नऊनंतर गावातल्या मेसवर जातात. बस नव्हती तेव्हा रोज तासभर चालायच्या. सोमवारी बसनं गेल्या तर मेसवाली म्हणाली, आज सूर्य कुठं उगवला.

मी त्यांना पंधरा माणसांचं सांगितलं. टाकीवरूनच चढावं लागतं, फाटकातून चढलेली धरत नाहीत, उद्याचा शेवटचा दिवस आहे.

"एवढंच व्हय?" धुरपताबाई म्हणाल्या. "मंग हे आमाला कुनी सांगितलं का? सभेला बलावलं का आमाला?"

बोलावलं नव्हतं. ज्यांच्या दारात गाड्या होत्या त्यांच्या सह्या मी घेत फिरलो होतो आणि ज्या बसमध्ये बसणार होत्या त्यांना विचारायचं मला सुचलंच नव्हतं. मी मान खाली घातली. धुरपताबाईंनी हात पुसले. "आमी येतो समद्या टाकीवर," त्या म्हणाल्या, आणि दारातून वळून पुन्हा बोलल्या, "पण सर, उद्या तुमी बोलू नगासा."

शुक्रवारी नवाला मी टाकीवर हजर. सव्वानऊपर्यंत सतराच्या सतरा बायका आल्या. शिस्तीत रांग करून उभ्या राहिल्या, हातात डबे आणि पिशव्या. सौदामिनीही आली, पण माझ्यावर अजून राग होता, म्हणून ती माझ्यापासून लांब, रांगेच्याही बरीच पुढं, बस जाते त्या बाजूला जाऊन उभी राहिली. पुनमबाईंनी पेनाचं टोपण काढलं. मी तोंड घट्ट मिटून रांगेच्या अग्रभागी उभा होतो. कॉलनीत एकाही फाटकातून हात झाला नाही. धुरपताबाईंनी उज्वलाताईंच्या सासूबाईंनाही बजावून ठेवलं होतं. बस रिकामी आली, वळणावर दिसली, आणि माझ्या जिवात जीव आला.

तिकडे माणिकप्पाला काय दिसलं? टाकीवर गर्दी, आणि गर्दीच्या पुढं मी. बुधवारच्या विलंबाबद्दल त्याला कक्षातून लेखी खुलासा मागितला होता. पुन्हा सत्कार आहे असं त्याला वाटलं. त्यानं माझ्याकडे बघून हात जोडले आणि गाडीचा वेग वाढवला.

बस माझ्यासमोरून गेली. मी तोंड उघडलं. पस्तीस वर्षं ज्या तोंडानं वर्गावर्गांतून गडगडाट केला, त्यातून आवाज म्हणून निघाला नाही. रांग जिथल्या तिथं उभी राहिली. तेवढ्यात पुढं उभी असलेली सौदामिनी रस्त्यात उतरली आणि तिनं हात वर केला. नुसता दाखवला नाही, चांगला डोक्याच्या वर नेला. लग्नाला एकतीस वर्षं झाली, ती रस्त्यावर कायम माझ्या मागं उभी राहिलेली. तिनं एखादं वाहन थांबवलेलं मी पाहिलं नव्हतं.

माणिकप्पाचा पाय आपोआप ब्रेकवर गेला. बस तिच्यापाशी थांबली, थांब्याच्या चाळीस पावलं पुढं. दार उघडलं. सौदामिनीनं पायरीवर पाय ठेवला, तशा मागून पुनमबाई ओरडल्या की तिथून चढलात तर धरता येणार नाही. सौदामिनीनं पाय मागं घेतला.

"गाडी मागं घ्या," ती म्हणाली.

"वैनी, सत्कार तर न्हाई ना?"

"नाही. मला माझ्या बहिणीकडं जायचंय."

माणिकप्पानं गाडी मागं घ्यायला सुरुवात केली. लातुरात गाडी मागं येत असेल तर बघणाऱ्यानं गप्प बसायचं नसतं. सतराही बायका रांग न मोडता "आन द्या, आन द्या" करायला लागल्या, दोघी डावीकडं सांगत होत्या आणि चौघी उजवीकडं, आणि त्यातून वाट काढत बस बरोबर निळ्या पाटीखाली येऊन थांबली. सौदामिनी बसबरोबर चालत परत आली आणि पहिली चढली. पुनमबाई एक, दोन, तीन असं मोठ्यानं मोजत होत्या. धुरपताबाई शेवटच्या. अठरा झाले.

एकोणिसावा म्हणून मी पायरीवर पाय ठेवला. सौदामिनी खिडकीपाशी बसली होती, शेजारी धुरपताबाई. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही कशाला? झालेत की अठरा."

"सोबत," मी म्हणालो.

"नको," ती म्हणाली. रागानं नाही, सहज. "कुकर लावून ठेवलाय. गॅस पेटवा, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा."

मी पाय खाली घेतला. बस गेली. पुनमबाईंनी वहीवर माझी साक्षीदार म्हणून सही घेतली, खुर्ची मिटली आणि त्यांच्या स्कूटीवरून निघून गेल्या. टाकीपासून घर तीनशे पावलं आणि वर दहा घरं. मी चालत आलो. वाटेत अप्पांनी काय झालं म्हणून विचारलं, तर मी फक्त 'झालं' म्हणालो. एवढ्यावर भागल्यामुळे ते माझ्याकडे काळजीनं बघत राहिले.

बाराला आलोकचा फोन आला. सोमवारपासून बस कायम, थांबा क्रमांक सतरा कायम, आणि माणिकप्पाचा खुलासा मान्य. मी त्याचे आभार मानले आणि फोन ठेवला. घरात कोणी नव्हतं. ही बातमी आधी जिला सांगायची ती घरी नव्हती, आणि ती घरी नाही हीच खरी बातमी होती.

दीडच्या बसनं ती आली. टाकीवर उतरून चालत आली, चेहरा उन्हानं लाल. ताईंचा पाय सरळ जुळलाय, काठी घेऊन त्या चार पावलं चालल्या, हे तिनं चपला काढता काढताच सांगितलं. हातपाय धुऊन आली, पाटावर बसली. मी वाढलं.

"ताईनं विचारलं, तुला कोणी सोडलं?" ती म्हणाली. "म्हटलं, कोणी नाही. मीच आले."

एवढं बोलून ती जरा हसली, आणि हसताना तिचे डोळे भरलेले मला दिसले. मग ती जेवायला लागली. मी कुकर दोन शिट्ट्यांवरच उतरवला होता, डाळ कच्ची राहिली होती. तरी तिनं दोनदा वरण घेतलं.